वय ३१, रक्तवाहिन्या ४६ च्या?

प्रश्न: मी ३१ वर्षांचा, हिंजवडीत आयटीत आहे. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये बीपी १४४/९२ आलं आणि रिपोर्टवर 'व्हॅस्क्युलर एज ४६' असं लिहिलंय. वजन ६२ किलो, दारू नाही, सिगरेट दिवसाला एक-दोन, तीही चहाबरोबर. बाबांना ५२व्या वर्षी ॲटॅक आला होता. आई म्हणते मशीनच बिघडलं असेल. काय करू, झोप लागत नाहीये.

उत्तर: तो ४६ चा आकडा मनाला लावून घेऊ नका, दंडाला पट्टा बांधून वय सांगणारी मशिनं बरेचदा बीपी आणि वय फॉर्म्युल्यात घालून अंदाज काढतात. नीट मोजायचं तर मान आणि जांघ दोन्हीकडे नाडी पकडून लाट किती वेगात जाते ते बघतात, सेकंदाला १० मीटरच्या वर गेली तर महाधमनी कडक झाली असं धरतात.

पण बीपी मात्र मनावर घ्या. धमनीच्या भिंतीत इलास्टिन नावाचं लवचिक प्रथिन असतं, ते बहुतेक सगळं आईच्या पोटात आणि लहानपणीच तयार होतं, पुढे नवीन जवळपास बनत नाही, मग बीपी, साखर, धूर यांनी ते झिजलं की जुन्या पायजम्याच्या नाडीतल्या इलास्टिकसारखं होतं, ताण गेला तो गेला, आणि त्याचा सगळा भार हृदयावर येतो. हे तरुणपणीच सुरू होतं. कोरियन युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं १९५३ मध्ये छापून आली, सरासरी वय २२, आणि ७७ टक्क्यांच्या हृदयाच्या धमन्यांत खराबी दिसली!

बारीक आहात म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. याज्ञिकांनी दाखवलंय की आपली बाळं जन्मतः साधारण २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ च्या आसपास, तरी आपल्या बाळांच्या अंगावर चरबी त्या मानाने जास्तच. म्हणून वजनकाट्यापेक्षा कंबर मोजा, पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत हवी.

आता सात दिवस घरी सकाळ-संध्याकाळ बीपी घ्या, पाच मिनिटं टेकून बसून, हात टेबलावर, अर्धा तास आधी चहा-सिगरेट नाही. सरासरी १३५/८५ किंवा वर आली तर फिजिशियनकडे जा, आणि या वयात किडनी, थायरॉइड, घोरणं हेही तपासायला सांगा. लिपिड प्रोफाइलबरोबर लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा, घराण्यातून येणारा कण) एकदा तरी तपासून घ्या, बाबांना ५५ च्या आत ॲटॅक आलाय म्हणून हे खास सांगतेय.

आणि ती एक-दोन सिगरेट, ती पूर्ण बंद. दिवसाला एकच ओढली तरी हृदयाची जास्तीची जोखीम वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मी असते, कमी केली म्हणून भागत नाही. लोणचं, फरसाण, पापडही आवरा, मीठ दिवसाला चहाच्या छोट्या चमचाभराच्या आत.

भाऊ-बहीण असेल तर त्यांचंही बीपी याच आठवड्यात मोजा.