‘द फॅमिली स्टोन’ (२००५) वर समीक्षकांची मतं इतकी विभागलेली का?

कारण सिनेमा एकाच घरात फार्स आणि आजारपण दोन्ही कोंबतो, आणि हा सांधा काहींना खटकला, काहींना भावला. दिग्दर्शक थॉमस बेझुचा. ख्रिसमसला थोरला मुलगा आपली मैत्रीण मेरेडिथ (सारा जेसिका पार्कर) हिला घरी आणतो आणि सगळं घर तिच्यावर तुटून पडतं. मी सिनेमाही पाहिलाय आणि तेव्हाची परीक्षणंही वाचली आहेत. मुख्य तक्रारी अशा:

- स्वयंपाकघरात सांडलेल्या पदार्थावरून घसरून पडापडी, आणि लगोलग आईच्या कर्करोगाचे अश्रू.
- शेवटी भावाभावांमधली जोड्यांची अदलाबदल, जी पटतच नाही.
- मोकळ्या मनाचं म्हणवणारं हे कुटुंब पाहुणीशी मात्र चक्क दुष्टपणे वागतं.

तिसरी तक्रार मला पटत नाही, गंमत तिथेच तर आहे! जेवणाच्या टेबलावर समलिंगी मुलांबद्दल बोलताना मेरेडिथ खड्ड्यात पडते आणि सारवासारव करत तो आणखी खोल खणत जाते, तो प्रसंग सिनेमात सर्वांत अस्सल आहे. अर्थात नाकं मुरडणाऱ्यांपैकीही अनेकांनी आई झालेल्या डायन कीटनचं कौतुकच केलं होतं. तिकीटबारीवर तर तो चांगलाच चालला.