पाळी गेल्यावर अंगावरून जातंय, कुणाला सांगू?

*ताई, मी सोलापूर जिल्ह्यातली, वय 51. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. चार महिन्यांपासून अंगावरून जातंय. आधी पांढरं होतं, आता पाण्यासारखं, लालसर आणि वासाचं. मेडिकलमधून दोनदा गोळ्या आणल्या, फरक नाही. वास येईल म्हणून भजनाला जाणं सोडलं. जाऊबाई म्हणतात उष्णता असेल, नाहीतर पिशवी काढून टाक. मालकांना सांगितलेलं नाही. काही वाईट असेल का?*

चार महिने हे एकटीने सोसलंत, याचं मला फार वाईट वाटलं. भजन सुटलं हे वाचून तर जास्तच.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. असू शकतं. पांढरं जाणाऱ्या बहुतेक बायकांना जंतुसंसर्ग असतो. दह्यासारखं जातं, खाज सुटते, किंवा मासळीसारखा वास येतो, आणि नेमक्या औषधाने ते जातंही. तुमचं चित्र वेगळं आहे. पाळी बंद झाल्यावर अंगावरून लाल जायलाच नको, थेंबभरही नाही. पाण्यासारखं, लालसर, घाण वासाचं जाणं ही पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची खूण असू शकते. वयामुळे आतली त्वचा पातळ झाली, साधा मस्सा असला किंवा पिशवीच्या आतल्या अस्तरात काही झालं, तरी असं होतं. यातलं नेमकं काय, हे आत बघितल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही. मेडिकलवाला नाही, जाऊबाई नाहीत, मीही नाही. म्हणून याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. रक्त जास्त जायला लागलं तर त्याच दिवशी.

जाऊबाईंचं ऐकून परस्पर पिशवी मात्र काढू नका. हे मी कळवळून सांगते. आपल्याकडे 'पांढरं जातंय' एवढ्यावर बायकांच्या पिशव्या निघाल्या आहेत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची चौकशी 2019 मध्ये सरकारला करावी लागली, ती याच दुखण्यापायी. आणि कॅन्सर असेल तर त्याचं ऑपरेशन वेगळं असतं, कधी ऑपरेशनच नसतं, रेडिएशनने बरं करतात. तपासणीआधी साधी पिशवी काढली तर पुढचे उपचार बिघडतात. आधी निदान, मग कात्री.

तपासणीची भीती वाटणं साहजिक आहे. टेबलावर झोपवून स्पेक्युलम नावाच्या उपकरणाने पिशवीचं तोंड बघतात. काही मिनिटांचं काम. थोडं अवघडल्यासारखं होतं. गाठ किंवा जखम दिसली तर छोटा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. पॅप टेस्ट, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन केलेली तपासणी, चांगली आली म्हणून कुणी परत पाठवलं आणि लाल जाणं चालूच राहिलं, तर 'बायोप्सी करा, सोनोग्राफी करा' असं स्वतः म्हणा. ती टेस्ट त्रास नसलेल्या बाईसाठी असते, तुम्हाला तर त्रास होतोय. दोन दिवस आधीपासून आत औषध घालू नका, आतून धुऊ नका. वासाची लाज वाटेल, पण डॉक्टरांना तो वासही काहीतरी सांगतो.

'माझंच काही चुकलं का' हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण मालकांपासून लपवलंत त्यात तो आहे. हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूने होतो. तो शरीरसंबंधातून येतो, आणि इतका सर्रास असतो की संसार केलेल्या बहुतेकांना कधी ना कधी तो होऊन गेलेला असतो. बहुधा दोनेक वर्षांत शरीरच त्याला हाकलतं. क्वचित तो राहतो आणि दहा-पंधरा वर्षांनी त्रास देतो. म्हणजे तो लग्नाच्या पहिल्या वर्षी आला असेल, कुणालाच सांगता येणार नाही. त्यावरून तुमच्या किंवा मालकांच्या चारित्र्याचा हिशोब कुणी मांडू नये. त्यांना सांगा. दवाखान्याच्या फेऱ्यांना सोबत लागते.

तुमच्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथल्या आणि मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या सुमारे 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास केला, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्हीची एकच तपासणी आणि गरजेप्रमाणे उपचार झालेल्या गावांत या कॅन्सरने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गावांच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्याच शेतकरी बायकांनी जगाला दाखवून दिलं हे! लवकर सापडला तर दहातल्या नऊजणी बऱ्या होतात. थोडा पसरला असला तरी रेडिएशन आणि केमोने अनेकजणी बऱ्या होऊन घरी जातात. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा.

जाऊबाईंनाच सोबत न्या. त्यांना तुमची काळजी आहे, फक्त वाट चुकली. त्यांनीही तपासून घ्यावं. तिशीनंतर 65 पर्यंत दर पाच वर्षांनी सरकारी दवाखान्यात ही तपासणी करतात, पिशवीच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून.

आणि डॉक्टरांसमोर नुसतं 'पांढरं जातंय' म्हणू नका, पुन्हा त्याच गोळ्या मिळतील. म्हणा, 'पाळी जाऊन दोन वर्षं झाली, चार महिने लालसर, वासाचं पाणी जातंय, आतून तपासा.' बायोप्सीचा रिपोर्ट आला की मला कळवा. मी वाट बघते.