कर्ज किती, यापेक्षा ते कशाच्या भरवशावर?

प्रश्न : इंग्लंडमधील फुटबॉल क्लबांवर कोट्यवधी पौंडांचे कर्ज असल्याचे वाचनात येते. तिकिटे, प्रक्षेपण हक्क, जाहिराती असे भरघोस उत्पन्न असूनही क्लब दिवाळखोरीत का जातात? कर्जबाजारी क्लब म्हणजे बुडणारा क्लब असे समजावे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तसे समजू नये. टॉटनहॅमने २०१९ मध्ये खुल्या झालेल्या आपल्या स्टेडियमसाठी मोठे कर्ज काढले. पण ते दीर्घ मुदतीचे असून त्यातून उभी राहिलेली वास्तू स्वतः उत्पन्न मिळवून देते. खेळाडूंच्या पगारासाठी काढलेल्या कर्जाचे तसे नसते. करार चार-पाच वर्षांचे आणि पगार ठरलेले, उत्पन्न मात्र यंदा संघ कितव्या क्रमांकावर येतो यावर अवलंबून!

लीड्स युनायटेडचे उदाहरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. २००१ मध्ये हा संघ युरोपातील अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला. पण त्याच मोसमात देशांतर्गत लीगमध्ये तो चौथा आला आणि पुढील वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमधील प्रवेश अवघ्या एका गुणाने हुकला. तरीही क्लबने भविष्यातील तिकीटविक्री तारण ठेवून सुमारे ६ कोटी पौंड उचलले. पुढच्या मोसमात संघ पाचवा आला. मग रिओ फर्डिनांडसारखे खेळाडू विकावे लागले, २००४ मध्ये संघ प्रीमियर लीग या सर्वोच्च श्रेणीतून खाली घसरला, त्याच वर्षी एलंड रोड हे मैदानही विकले गेले आणि २००७ मध्ये क्लब प्रशासकाच्या (दिवाळखोर संस्थेचा कारभार पाहण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या) ताब्यात जाऊन तिसऱ्या श्रेणीत पोहोचला. प्रीमियर लीगमध्ये परतायला २०२० साल उजाडले.

मला अधिक अस्वस्थ करणारी बाब निराळी आहे. इंग्लंडमध्ये दिवाळखोर क्लबला लीगमध्ये राहायचे असेल, तर आधी खेळाडूंची आणि इतर क्लबांची देणी पूर्ण चुकती करावी लागतात. स्थानिक पुरवठादारांच्या वाट्याला उरलेसुरले येते. २००८ मध्ये एफए कप जिंकलेला पोर्ट्समथ दोनच वर्षांत प्रशासकाकडे गेला, तेव्हा सामन्यांना प्रथमोपचार सेवा देणाऱ्या सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स या सेवाभावी संस्थेचेही पैसे थकलेले होते. ज्यांनी जोखीम पत्करण्याचा निर्णय घेतलाच नव्हता, त्यांनाच ती भोगावी लागली. पुढे २०१३ मध्ये समर्थकांच्या संस्थेने वर्गणी जमवून तो क्लब विकत घेतला, म्हणून तो टिकला.