वाद्यवृंदाला अनुदान हवंय? आधी संस्था नोंदवा

भाऊ, अमळनेरात वाद्यवृंद उभा करताय, झकास! पण अशी अनुदानं बहुतेक नोंदणीकृत संस्थेलाच मिळतात. धर्मादाय कार्यालयात नोंदणी, संस्थेच्या नावाचं पॅन आणि बँक खातं, एवढं आधी उरका. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाकडे जायचं तर संस्था किमान ३ वर्षं जुनी लागते. तोवर नगरपालिका आणि गावातले व्यापारी गाठा. खान्देशात गाण्याला कोणी नाही म्हणत नाही!

नवखे इथे अडकतात:

- अंदाजपत्रकात ‘इतर खर्च’ म्हणून ढोबळ आकडा. सभागृह, साउंड, वादकांचा प्रवास वेगवेगळं लिहा.
- सगळा खर्च सरकार देईल असं धरणं. शेवटचा हप्ता हिशेबानंतरच येतो, तेवढी सोय आधी हवी.
- बिलं न ठेवणं. मग सीए उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले याचा दाखला) कशावर देणार?