अफवेआधी पासबुक बघ

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

जावईबापूंच्या पाइपाच्या कंपनीत माणसं कमी करणार, असं एमआयडीसीत बोललं जातंय आणि तुझी झोप उडाली आहे. घर एका पगारावर चालत असलं की असं होणारच. पण रोज संध्याकाळी ते डबा ठेवतात न ठेवतात तोच "काय म्हणे आज साहेब?" असं विचारू नकोस. त्यांच्याकडेही उत्तर नसतं, आणि दोघांचंही जेवण कडू होतं. आठवड्यातून एक वेळ ठरवा, रविवारी सकाळची म्हण, आणि तेव्हा कागद समोर घेऊन बसा.

पहिला कागद पीएफचं पासबुक. ते मोबाइलवर यूएएन, म्हणजे पीएफचा बारा अंकी नंबर, टाकून उघडतं. कापलेली रक्कम मालकाने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. पगारपत्रकात कपात दिसते आणि पासबुकात दोन-तीन महिने काहीच जमा नाही, असं दिसलं तर समज की कंपनीची चणचण खरी आहे. पगार ७ तारखेच्या पुढे सरकू लागला, तर तीही तशीच खूण. ओव्हरटाइम बंद होण्याला मात्र लगेच घाबरू नकोस. पाइपाच्या कारखान्यात पावसाळ्यात मागणी मंदावतेच. तोच ओव्हरटाइम उन्हाळ्याच्या तोंडावर बंद झाला तर मात्र विचारपूस करायची.

त्याच बैठकीत नाव, जन्मतारीख, आधार आणि बँक खातं पीएफमध्ये बरोबर आहे का बघा. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी पैसे अडकतात, आणि नोकरी चालू असताना जी दुरुस्ती सहज होते तिच्यासाठी नंतर चकरा माराव्या लागतात. कंत्राटदार बदलला की पुष्कळदा नवं खातं उघडतात आणि जुन्यात काम सोडल्याची तारीख भरतच नाहीत. शेवटचा हप्ता भरून दोन महिने झाले की ती तारीख कामगाराला स्वतः पोर्टलवर भरता येते. मग जुनी खाती नव्यात वर्ग करून घ्या, कारण पेन्शनसाठी १० वर्षांची नोकरी मोजली जाते आणि तुटक खात्यांत ती हरवते. नॉमिनीत लग्नाआधीचंच नाव राहिलं असेल तर तेही बदला.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. काढायची वेळ आली की ऑफिसात बोलावून "राजीनामा लिहून दे, सगळा हिशोब लगेच करतो" असं सांगतात. त्या दिवशी सही करायची नाही. "घरी विचारून सांगतो" एवढंच म्हणून कागदाचा फोटो काढून आणायचा. राजीनामा दिला की कामगार कपातीची भरपाई बुडते. कंपनीने कपात केली, तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळतो. हुद्दा कागदावर काय लिहिलाय तेही पाहून ठेव, कारण जास्त पगाराचा सुपरवायझर या तरतुदीतून सुटतो.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, वेगळी. ती पाच वर्षांनंतर मिळते, राजीनामा दिला तरी मिळते. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. १४,००० मूळ पगार आणि ८ वर्षं धरली तर सुमारे ६४,६०० रुपये होतात. ठरावीक मुदतीच्या करारावर असतील, तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षावरही हक्क आहे. नेमणूकपत्र, ओळखपत्र, पगारपत्रकं आणि हजेरीचे फोटो घरच्या फाइलमध्ये असू देत. गेट बंद झाल्यावर कोणी देत नाही.

पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, आहे. बेकारीच्या काळासाठी त्यांची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, तीत सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, आयुष्यात एकदाच. मुदत वाढवत चालवली जाते, म्हणून शाखेत जाऊन चालू आहे का ते विचारा. पगार त्याहून जास्त असेल तर कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर जातो, म्हणून घरचा विमा आत्ताच घ्या. नव्या पॉलिसीत अपघात सोडून पहिले ३० दिवस दावा चालत नाही, जुन्या आजाराला तर वर्षं लागतात.

पैशाचं बोलायचं तर महिन्याचे फक्त अटळ खर्च लिही: भाडं, हप्ता, किराणा, गॅस, लाइटबिल, शाळा, औषध. त्या आकड्याला चाराने गुण, तेवढे पैसे हाताशी हवेत. एकच मोठी एफडी नको, दहा-दहा हजारांच्या करा, म्हणजे गरजेला एकच मोडावी लागेल. जास्त व्याज दिसलं म्हणून हे पैसे पतसंस्थेत ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं, आणि ठेवी अडकल्या की काय होतं ते आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे.

गावाकडच्या घरालाही आताच सांग. मृग लागला की कपाशीचं बियाणं आणि खत यांसाठी मोठे दीर तुमच्याकडेच हात पसरतील, आणि कापसाचा पैसा येतो दिवाळीच्या पुढे. यंदा अर्धेच जमतील, हे अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळे एकत्र असताना शांतपणे सांगितलं तर त्यांना कर्जासाठी गावच्या सोसायटीकडे जायला वेळ मिळतो. ऐन पेरणीत नाही म्हटलं तर मनं दुखावतात. गाडीचा हप्ता चुकणार असं वाटलं तर चुकण्याआधी बँकेत जाऊन बोला.

या रविवारी पासबुक उघडून शेवटचे सहा महिने पगारपत्रकांशी ताडून बघ. फरक दिसला तर महिना आणि रक्कम लिहून मला कळव.

तुझी,
मावशी