एचडीएसडीआर सोडून नवं सॉफ्टवेअर घेतलं तर वीक सिग्नल जास्त ऐकू येतील का?

नाही. एचडीएसडीआर काय किंवा दुसरं काय, ही कॉम्प्युटरवरून रेडिओ ऐकायची सॉफ्टवेअरं. सिग्नल पकडणारं यूएसबी डोंगल तेच, अँटेना तीच, मग सिग्नलही तेवढाच. खरं तर उत्तर इथंच संपतं. पण तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं एचडीएसडीआर नीट चालतंय, लॅपटॉप जुना आहे, आणि एसडीआर प्लस प्लस हे नवं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मित्राच्या स्क्रीनवर "नॉइज खूपच खाली दिसतो" म्हणून मन डळमळलंय. हे "स्क्रीनवर खाली दिसतो" वाचलं आणि माझं जुनं दुखणं वर आलं. तेव्हा जरा लांबण लागेल.

चार वर्षांपूर्वी आमच्या हॅम (हौशी रेडिओ) मंडळींच्या बैठकीत एका मित्राने दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले. डावीकडे माझा, त्यावर एचडीएसडीआर. उजवीकडे त्याचा, त्यावर एसडीआर प्लस प्लस. एकच अँटेना, एकच डोंगल, तेच आळीपाळीने दोन्हींना लावायचं. गेनही (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) सारखाच ठेवला होता, तेवढा प्रामाणिकपणा होता त्याच्यात. माझ्या स्क्रीनवर नॉइज फ्लोअर, म्हणजे तळाच्या खरखरीची पातळी, उणे ७० डीबीच्या आसपास, त्याच्या स्क्रीनवर उणे ८२. "बघा, १२ डीबी! म्हणजे सोळापट कमी नॉइज. आणि आमचे हे दादा अजून विनरॅडच्या जमान्यात." सगळे हसले. एचडीएसडीआर विनरॅड या जुन्या प्रोग्राममधूनच निघालंय हे खरं आहे, त्यामुळे टोमणा नेमका बसला. मी म्हटलं, हेडफोन लावून ऐकू या. तर म्हणे, डोळ्यांना दिसतंय ते कानांनी कशाला तपासायचं?

मला तिथल्या तिथे काही सुचलं नाही. सुचलं ते रात्री, आडवा झाल्यावर.

माझा लॅपटॉप म्हातारा, म्हणून मी एफएफटी, म्हणजे स्क्रीनवर बँडचे किती कप्पे पाडायचे तो आकडा, ४०९६ वर ठेवली होती. त्याची होती ६५५३६. दोघांचा सॅम्पल रेट, म्हणजे एका वेळी दिसणारी बँडची रुंदी, २.४ मेगाहर्ट्झ. म्हणजे माझ्या स्क्रीनवरचा एकेक कप्पा ५८६ हर्ट्झ रुंद, त्याचा साधारण ३७ हर्ट्झ. कप्पा सोळापट अरुंद, म्हणून त्यात मावणारा नॉइज सोळापट कमी. सोळापट म्हणजे १२ डीबी. बरोब्बर तेवढेच!

अंगणात पाऊस पडतोय. तुम्ही परात ठेवली, त्याने वाटी ठेवली. वाटीत पाणी कमी जमलं म्हणून त्याच्या अंगणात पाऊस कमी पडला, असं कोणी म्हणेल का? पागोळीची धार मात्र परातीत पडो की वाटीत, तेवढीच पडते. कॅरिअर, म्हणजे स्टेशनची एकाच फ्रिक्वेन्सीवरची लहर, ही ती धार. नॉइज खाली गेला आणि कॅरिअर जागच्या जागी राहिला, म्हणून चित्र देखणं दिसतं. कानावर येणारा आवाज एफएफटीच्या कप्प्यातून येतच नाही. तो डिमॉड्युलेटरच्या (सिग्नलचा आवाज करणाऱ्या भागाच्या) फिल्टरमधून येतो, आणि फिल्टर दोन्हीकडे ५०० हर्ट्झ असेल तर नॉइजही दोन्हीकडे ५०० हर्ट्झचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी १४.१०० मेगाहर्ट्झवर बसलो. तिथले बीकन (ठरल्या वेळी आपोआप सिग्नल सोडणारी स्टेशनं) तुम्हाला माहीत असतीलच: १८ स्टेशनं, प्रत्येकाला १० सेकंद, ३ मिनिटांत फेरी पूर्ण. यातली गंमत अशी की कॉलसाइननंतर (स्टेशनच्या खुणेच्या अक्षरांनंतर) प्रत्येक बीकन चार लांब डॅश देतो, पहिला १०० वॉटला, मग १० ला, मग १ ला आणि शेवटचा ०.१ वॉटला. रिसीव्हर मोजायला याहून सोपी पट्टी मला तरी माहीत नाही, आणि ती फुकट आहे. मी एक पूर्ण फेरी आयक्यूमध्ये, म्हणजे डोंगलमधून येतो तशा कच्च्या सिग्नलमध्ये, रेकॉर्ड केली. १६ बिटांची ३ मिनिटं म्हणजे पावणेदोन जीबीच्या आसपास फाइल. तीच फाइल आधी एचडीएसडीआरमध्ये वाजवली, मग एसडीआर प्लस प्लसमध्ये. सीडब्ल्यू (मोर्स) मोड, फिल्टर ५०० हर्ट्झ, तोच हेडफोन, डोळे मिटून. सगळ्यात मोठ्याने ऐकू येणाऱ्या बीकनचा १ वॉटचा डॅश दोन्हीकडे ऐकू आला, नुसता श्वास घेतल्यासारखा. ०.१ वॉटचा दोन्हीकडे गायब. बाकीच्या बीकनांचंही तेच, जो डॅश इथं बुडाला तो तिथंही बुडाला. एकदा वाटलं नव्यात जरा जास्त ऐकू येतंय. बघितलं तर व्हॉल्यूम जास्त होता.

मग मी माझ्या म्हाताऱ्या एचडीएसडीआरमध्ये आरबीडब्ल्यूची (कप्प्याच्या रुंदीची) पट्टी सरकवली. लॅपटॉपचा पंखा घरघरला, वॉटरफॉल (स्क्रीनवरचं सरकतं चित्र) अडखळायला लागला, पण नॉइज फ्लोअर बारा डीबी खाली. पुढच्या बैठकीत हे दाखवायला मी सगळं घेऊन गेलो, तर त्या दिवशी विषय अँटेना ट्यूनरचा होता आणि नॉइजची आठवण एकट्या मलाच.

तर तुमच्या मित्राला एवढंच विचारा: एफएफटी किती आहे? आपल्या आरटीएल डोंगलचं एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) आठ बिटांचं, म्हणजे कागदावर जेमतेम ५० डीबीची रेंज. त्यापुढचं जे काही मिळतं ते सॅम्पल रेट खाली आणताना मिळतं आणि ते काम जुनं-नवं प्रत्येक सॉफ्टवेअर करतं. तुमचा नॉइज कमी करायचा असेल तर आधी शेजारच्या चार्जरचा आणि एलईडी दिव्याचा बंदोबस्त करा, मग अँटेना थोडी वर न्या. त्याने जो फरक पडेल तो कुठल्याही डाउनलोडने पडणार नाही.

बदलायचंच असेल तर एक सांगतो. आधी जुन्या प्रोग्राममधला पीपीएमचा आकडा (डोंगलची फ्रिक्वेन्सी दहा लाखांत किती चुकते त्याची दुरुस्ती) कागदावर लिहून घ्या. साध्या क्रिस्टलचं डोंगल असेल आणि दुरुस्ती ५० पीपीएम असेल, तर १४५.८ मेगाहर्ट्झवर तुम्ही ७.३ किलोहर्ट्झने चुकणार. अवकाश स्थानकाची एसएसटीव्ही चित्रं (रेडिओवरून पाठवलेली स्थिर चित्रं) तिथंच येतात. नव्या प्रोग्राममध्ये तो आकडा शून्य असतो, आणि मग "नवं सॉफ्टवेअर बहिरं आहे" असा उलटा गैरसमज होतो. मीही एकदा त्याला बळी पडलोय, तेव्हा हे दुसऱ्या बाजूने पण ऐकून घ्या. गेनचंही तेच. सहा वर्षांत हळूहळू जमवलेली सेटिंग एकीकडे आणि कालच बसवलेलं कोरं सॉफ्टवेअर दुसरीकडे, ही तुलनाच नव्हे. आणि दोन्ही प्रोग्राम एकाच वेळी एकच डोंगल उघडू शकत नाहीत, एक बंद करा मग दुसरा चालू करा. निम्मे लोक इथंच ड्रायव्हरला शिव्या घालत बसतात.

आता न्यायाने बोलायचं तर नव्यात फायदे आहेत. मोठी एफएफटी कानाला नाही तरी डोळ्याला मदत करते. बँडवर कुठेतरी बारीक कॅरिअर आहे हे आधी दिसतं, मग तिथं जाऊन ऐकता येतं. एकाच वेळी दोन-तीन फ्रिक्वेन्सी ऐकणं, लिनक्सवर किंवा मॅकवर चालवणं, डोंगल गच्चीत ठेवून नेटवर्कवरून खाली ऐकणं, हे एसडीआर प्लस प्लसमध्ये सरळ जमतं. एचडीएसडीआर विंडोजपुरतं, आणि त्याच्या ३२ बिटांच्या एक्स्टआयओ डीएलएल (डोंगल जोडून देणाऱ्या फाइली) शोधत फिरणं हा वेगळाच छंद. नॉइज ब्लँकर (खटखट दाबणारी सोय) मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तिथं खरोखर फरक पडतो, एवढं मी त्या बैठकीतही मान्य केलं असतं, कोणी विचारलं असतं तर. तुमच्या लॅपटॉपचं ग्राफिक्स फार जुनं असेल तर एसडीआर प्लस प्लस कुरकुरेल. चालवून बघा, त्यात काही जात नाही.

हवामान उपग्रहांचं विचारत असाल तर तिथं वादच उरला नाही. ज्यांच्यासाठी डब्ल्यूएक्सटूइमेज (उपग्रहाच्या सिग्नलचं चित्र करणारा प्रोग्राम) जपून ठेवलं होतं ते नोआ या अमेरिकी संस्थेचे तिन्ही जुने उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले. रशियाच्या मेटिओर उपग्रहांचं डिजिटल प्रसारण हवं असेल तर सॅटडंप हा प्रोग्राम घ्या.

ती बीकनची फाइल मी अजून जपून ठेवली आहे. त्या मित्रालाही पाठवली होती, फिल्टर किती ठेवायचा ते लिहून. "मोठी आहे, सवडीने ऐकतो" असं उत्तर आलं. चार वर्षं झाली त्याला.