बायोप्सी न करता फुप्फुसातली गाठ साधी (कर्करोग नसलेली) आहे हे ओळखता येते का?

आईंच्या फुप्फुसातल्या गाठीबद्दल तुम्ही हे विचारले आहे. काही गाठींच्या बाबतीत येते. सीटी स्कॅनमध्ये गुळगुळीत कडेच्या गाठीत चरबी दिसली, आणि सोबत मक्याच्या लाहीसारखे कॅल्शियम असले, तर ती हॅमार्टोमा (फुप्फुसाच्याच ऊतींची वेडीवाकडी वाढ) आहे हे बहुतेक वेळा सुई न घालताही सांगता येते. पण तुमच्या आईंची गाठ 'दुर्मीळ आणि साधी' असावी असे डॉक्टर म्हणत असतील, तर हॅमार्टोमा त्यांच्या मनात नसावा; साध्या गाठींत तीच सर्वाधिक आढळते. खरा घोळ होतो तो स्क्लेरोझिंग न्यूमोसायटोमा या दुर्मीळ साध्या गाठीसारख्या गाठींत.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. कधीही धूम्रपान न केलेल्या, पन्नाशीच्या एका बाईंच्या अशाच गाठीला बाहेरच्या सुई-तपासणीत 'अॅडिनोकार्सिनोमा' (फुप्फुसाचा एक कर्करोग) ठरवले गेले होते. शस्त्रक्रिया चालू असताना फ्रोझन सेक्शनसाठी (गोठवून लगेच केलेली तपासणी) तुकडा माझ्याकडे आला. एका भागात रक्त साकळलेले, दुसरा भाग घट्ट तंतुमय, उंचवट्यांवर चौकोनी पेशींचा थर आणि त्याखाली एकसारख्या गोल पेशी. विभाजन होत असलेली पेशी मात्र शोधूनही सापडेना. 'कर्करोग म्हणता येत नाही, अंतिम निदान राखून ठेवत आहे,' असे मी कळवले. त्यावर सर्जननी थिएटरमधून फोन करून चढ्या आवाजात विचारले, "हो की नाही, एवढंच सांगा." मी माझे वाक्य जसेच्या तसे पुन्हा सांगितले. त्यांनी नाराजीनेच गाठीपुरता भाग काढला आणि बाईंच्या फुप्फुसाचा लोब (मोठा भाग) वाचला. पुढे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत (पेशींतली प्रथिने रंगवून ओळखण्याच्या चाचणीत) दोन्ही प्रकारच्या पेशी टीटीएफ-१ या प्रथिनासाठी पॉझिटिव्ह आल्या, सायटोकेरॅटिन हे प्रथिन मात्र वरच्या थरातच ठळक होते, आणि न्यूमोसायटोमाचे निदान पक्के झाले. टीटीएफ-१ फुप्फुसाच्या अॅडिनोकार्सिनोमातही बहुधा पॉझिटिव्ह येतो, त्यामुळे सुईतून आलेल्या चिमूटभर पेशींवर विसंबणारा सहज फसू शकतो. १९५६ मध्ये प्रथम वर्णन झाले तेव्हा ही गाठ रक्तवाहिन्यांची मानली गेली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या वर्गीकरणात ती अॅडिनोमांत (ग्रंथीसारख्या पेशींच्या साध्या गाठींत) आहे.

पेट स्कॅनवर (जास्त साखर वापरणाऱ्या पेशी उजळून दाखवणारा स्कॅन) फार भरवसा ठेवू नका; ही गाठ त्यात उजळू शकते, आपल्याकडे तर क्षयाची गाठही उजळते. न्यूमोसायटोमा क्वचित लसिकाग्रंथींत पोहोचल्याची उदाहरणे आहेत, म्हणून 'साधी' कळल्यावरही तपासणी सोडू नये. सुई-तपासणी झालेली असेल तर स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घेऊन फुप्फुसाचे काम नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, आणि फ्रोझनवर निदान पक्के झाले नाही तर किती भाग काढणार, हे सर्जनना शस्त्रक्रियेआधीच विचारा. त्या प्रश्नाने जे चिडतात, त्यांच्याकडे मी माझ्या घरचा रुग्ण पाठवत नाही.